चार बोल्ट आणि बाकीचं सगळं

पोर्श ९११ चं इंजिन गाडीला चार मोठ्या बोल्टांवर टांगलेलं असतं. दोन मागे, इंजिनाच्या आडव्या पट्टीच्या टोकांना. दोन पुढे, गिअरबॉक्सच्या नाकाशी. हे चार सुटले की सहा सिलिंडरांचं इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल असा पावणेतीनशे किलोच्या आसपासचा अख्खा गठ्ठा जॅकवर येतो आणि गाडीच्या पोटातून खाली उतरतो. जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेली माणसं हे मोठ्या कौतुकाने सांगतात: फक्त चार बोल्ट! ऐकणाऱ्याला वाटतं, जेवायच्या आत काम होईल. त्या चार बोल्टांना अर्धा तासही लागत नाही हे खरंच आहे. दिवस जातो तो त्यांना पाना लावायच्या आधी.

मागे इंजिन असलेलं वाहन आपल्याला काही नवं नाही. आकुर्डीच्या बजाजच्या रिक्षा वर्षानुवर्षं मागे इंजिन घेऊन धावल्या, आणि नाक्यावरचा मेकॅनिक रिक्षा कुशीवर आडवी करून तिचं काम करतो हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. २००८ साली लोकांसमोर आलेल्या टाटा नॅनोचं ६२४ सीसीचं दोन सिलिंडरांचं इंजिनही मागेच होतं. पण तिथे हिशोब जागेचा आणि पैशाचा. ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या स्पोर्ट्स कारचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे का टांगावं, याचं उत्तर स्टुटगार्टच्या एका घराण्यात शोधावं लागतं. (स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. दोन्हीकडच्या रहिवाशांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.)

आजोबा फर्डिनांड पोर्श यांनी १९३० च्या दशकात जर्मनीसाठी स्वस्त लोकगाडी आखली, ती फोक्सवॅगन बीटल. इंजिन मागे ठेवल्याने लांबलचक प्रोपेलर शाफ्ट वाचला, हवेवर थंड होणारं असल्याने रेडिएटर वाचला, आणि इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांच्यावरच वजन पडत असल्याने बर्फात, चिखलात चाकं जागीच फिरत राहत नाहीत. मुलगा फेरी याने १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी त्याच विचारावर ३५६ ही गाडी उभी केली. नातू फर्डिनांड आलेक्झांडर याने तिच्या वारसदाराचा आकार काढला. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ या नावाने आली. मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे, असं प्यूजोने म्हटल्यावर तिची ९११ झाली. इंजिन दोन लिटरचं, १३० अश्वशक्तीचं. तीन सिलिंडर डावीकडे आडवे, तीन उजवीकडे आडवे, डोक्यावर मोठा पंखा.

या मांडणीचा त्रास कारखान्याला लगेच कळला. वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की गाडीची शेपूट पुढे यायला बघायची. सुरुवातीच्या गाड्यांना पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रत्येकी ११ किलोची ओतीव लोखंडी वजनं दडवून दिली होती. सर्कशीतला हा तोल फार दिवस टिकणारा नव्हता. १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, आणि इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमचं करून मागचा भार हलका केला. नंतर १९७७ मध्ये पुढच्या बाजूला पाण्यावर थंड होणारं व्ही-८ इंजिन असलेली ९२८ काढून कंपनीने ९११ ला हळूहळू निरोप द्यायचं ठरवलं होतं. ९११ गेली नाही. हवेवर थंड होणारी तिची इंजिनं १९९८ पर्यंत बनत राहिली. एक चूक तीस वर्षं दुरुस्त करत राहिलं की तिचं वैशिष्ट्य होतं, असं या गाडीबद्दल म्हणायला हरकत नाही. आणि मला ही गाडी आवडते ती त्यामुळेच.

मेकॅनिकच्या वाट्याला मात्र वेगळंच काही येतं. पुढे इंजिन असलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिन समोर दिसतं. ९११ चं मागचं झाकण उघडा: पंखा, त्याच्या पोटात बसवलेला अल्टरनेटर, पट्टा, एअर फिल्टरचा डबा. बस्स. बाकीचं इंजिन खाली, पत्र्यांच्या आड. गिअरबॉक्स त्याच्या पुढे, मागच्या सीटच्या खाली घुसलेला. आणि क्लच या दोघांच्या मधोमध, जिथे वरून हात पोचत नाही आणि खालून डोळा पोचत नाही. इतर गाड्यांत क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स बाजूला घेतात. इथे गिअरबॉक्स एकटा काढायला धड वाटच नाही, म्हणून बहुतेक कारागीर दोन्ही एकत्रच उतरवतात.

इथून पुढे उदाहरणादाखल १९७८ ते १९८३ या काळातली तीन लिटरची ९११ एससी धरू. इंजिनाचं कवच पुन्हा ॲल्युमिनियमचं, पेट्रोल फवारणारी यांत्रिक के-जेट्रॉनिक पद्धत, ९१५ जातीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स. मजबूत गाडी. हिचं इंजिन खाली यायची कारणं ठरलेली. पहिलं क्लच: गिअरबॉक्सची खडखड कमी व्हावी म्हणून कारखान्याने या क्लच प्लेटच्या मध्यात रबर घातलं, ते रबर म्हातारं झालं की तुटतं आणि त्याचे तुकडे आत अडकतात. दुसरं तेल. फ्लायव्हीलच्या मागचं मुख्य ऑइल सील गेलं तर इंजिन उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. इंजिनाच्या माथ्यावर, पंख्याच्या आड, तेलाच्या दाबाचा स्विच, थर्मोस्टॅटची रबरी रिंग आणि ब्रीदरच्या झाकणाचं पॅकिंग अशी तीन ठिकाणं जवळजवळ आहेत. ती तिन्ही एकाच सुमाराला पाझरू लागतात आणि गाडीत इंजिन असताना तिथे नीट हात जात नाही. मालक मंडळी या जागेला मरणाचा त्रिकोण म्हणतात.

तिसरं कारण जरा भीतिदायक. सिलिंडर आणि हेड कवचाला आवळून धरायला एकूण २४ लांब स्टड असतात, दर सिलिंडरला चार. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून खालच्या बाजूच्या बारा स्टडांसाठी तितक्याच फुगणारा डिलावर नावाचा मिश्रधातू वापरला. कागदावर विचार बिनचूक होता. पण हा धातू गंजून आतून चिरतो आणि एखाद्या दिवशी गाडी नुसती उभी असतानाही तुटतो. व्हॉल्व्ह सेटिंगसाठी खालचं झाकण काढावं आणि तेलाबरोबर एक नट हातात पडावा, त्याच्या पोटात तुटलेल्या स्टडचं टोक तसंच: एससीच्या मालकाला यापेक्षा नको असलेली वस्तू नसेल. मग इंजिन उतरतंच.

काम सुरू होतं ते गाडीच्या दुसऱ्या टोकाला. बॅटरी पुढच्या डिकीत असते. तिची निगेटिव्ह वायर आधी काढायची, कारण स्टार्टरची जाड केबल थेट तिथूनच येते आणि ती सोडताना पाना अंगाला टेकला तर ठिणग्या उडतात. मग तेल. ९११ चं तेल इंजिनाच्या तळाशी साठत नाही, उजव्या मागच्या चाकामागच्या टाकीत राहतं. सगळा साठा धरला तर एससीत १३ लिटर. साध्या गाडीच्या तिप्पट. कारण हे इंजिन हवेइतकंच तेलावरही थंड होतं. टाकी आणि इंजिन दोन्हीकडून तेल सोडावं लागतं, आणि नेहमीचा ऑइल पॅन भरून वाहतो. (१९७२ च्या गाड्यांत ही टाकी चाकाच्या पुढे घेतली होती आणि तेल घालायचं झाकण उजव्या कुशीवर बाहेरच दिलं होतं. पेट्रोल पंपावरची पोरं त्यात पेट्रोल घालू लागली. पुढच्या वर्षी झाकण गायब.)

वरची कामं उभ्याने होतात. एअर फिल्टरचा डबा काढला की उंची कमी होते. एसी असेल तर त्याचा कॉम्प्रेसर नळ्यांसकट बाजूला टांगायचा, गॅस सोडायची गरज नाही. डावीकडच्या पेटीतला अनेक पिनांचा मोठा प्लग उपसायचा. ब्रेक बूस्टरची व्हॅक्युमची नळी, हीटरच्या नळ्या. पेट्रोलच्या नळीशी मात्र जपून. के-जेट्रॉनिकमध्ये गरम इंजिन पुन्हा चटकन चालू व्हावं म्हणून इंजिन बंद झाल्यावरही नळीतला दाब मुद्दाम टिकवलेला असतो. भोवती फडकं गुंडाळून नट हळूहळू सैल केला तर पेट्रोल फडक्यात जिरतं; घाई केली तर ते डोळ्यांत जातं.

मग माणूस गाडीत शिरतो. मागच्या दोन सीटांच्या मध्ये, कार्पेटखाली एक छोटं झाकण आहे. ते काढलं की गिअर बदलणारा लांब दांडा गिअरबॉक्सला जिथे जोडला जातो तो सांधा दिसतो. त्याला निमुळत्या टोकाचा एक स्क्रू धरून ठेवतो. तो सोडायचा, दांडा मोकळा करायचा, आणि तिथेच असलेल्या स्पीडोमीटरच्या वायरी सोडायच्या. ही जागा विसरून खाली जॅक उतरवायला घेणारे लोक असतात. गिअरबॉक्स थोडा उतरतो आणि अडतो, आणि बाहेर उभ्या माणसाला कळतच नाही की कुठे अडला.

आता गाडीखाली. चाकांकडे जाणारे दोन ॲक्सल गिअरबॉक्सच्या चकत्यांना बोल्टांच्या वर्तुळाने जोडलेले असतात. या बोल्टांच्या डोक्यात षट्कोनी किंवा बारा दातांची खाच असते, आणि त्या खाचेत चाळीस वर्षांचं ग्रीस, धूळ, रस्त्यावरचं डांबर दगड होऊन बसलेलं असतं. इथे कारागिराची पारख होते. चांगला माणूस टोकदार सुईने प्रत्येक खाच उकरून काढतो, फवारा मारून धुतो, मग पाना खाचेत ठेवून त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका देतो, म्हणजे तो तळापर्यंत बसतो. आणि मगच जोर लावतो. दोन-तीन बोल्ट हाताशी येतात, ते सोडले की चाक फिरवून पुढचे खाली आणायचे, हँडब्रेक ओढायचा, पुन्हा सुई. कंटाळवाणं काम. वाईट माणूस मळलेल्या खाचेत पाना खुपसून हिसडा देतो, दात झिजतात, आणि मग गोल झालेलं ते डोकं छिन्नीने फोडत बसण्यात त्याची संध्याकाळ जाते. सुटलेले ॲक्सल तारेने वर बांधून ठेवायचे, लोंबकळू द्यायचे नाहीत.

त्यानंतर क्लच केबल, ॲक्सिलरेटरचा दांडा, रिव्हर्स लाइटच्या वायरी, स्टार्टरची केबल, आणि सायलेन्सरच्या नळ्यांभोवतीच्या पेट्यांतून गरम हवा गाडीत नेणाऱ्या जाड, चुण्यांच्या नळ्या. तेलाच्या टाकीकडून येणारी नळी सोडताना दोन पाने लागतात, एक नट फिरवायला आणि दुसरा मागची बाजू धरून ठेवायला. एकाच पान्याने जोर केला तर नटाबरोबर नळीही पिळवटते, आणि ती नळी स्वस्त नाही. शेवटी गिअरबॉक्सच्या नाकाशी वेणी घातल्यासारखी विणलेली तांब्याची पट्टी: इंजिनाची अर्थिंग. ही सगळ्यात जास्त विसरली जाते. काढताना विसरली तर निदान लगेच दिसते. लावताना विसरली तर सगळं जोडून, तेल भरून, किल्ली फिरवल्यावर स्टार्टर ढिम्म हलत नाही. किंवा करंट ॲक्सिलरेटरच्या, क्लचच्या तारांतून वाट काढतो आणि त्या तापतात.

आता चार बोल्ट.

घरी काम करणारे लोक गाडीची मागची बाजू उंच घोड्यांवर उभी करतात आणि चाकांचा जॅक इंजिनाच्या पोटाखाली, मध्ये लाकडाची फळी घालून, सरकवतात. तोल नेमका कुठे येतो हे अनुभवाने कळतं: इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्याच्या जरा मागे, इंजिनाच्या बाजूला. जॅक हलकेच वर घ्यायचा, बोल्टांवरचा भार उतरला की ते हातानेही फिरतात. मग दर दोन-चार इंचांना थांबायचं. एक माणूस जॅकच्या दांड्याशी आणि एक गाडीभोवती फिरणारा: कुठे वायर ताणली जातेय का, कुठे नळी राहिली का, गिअरबॉक्सचं नाक कशाला घासतंय का. हे काम एकट्याने करू नये, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या वर्कशॉपमध्ये उलट करतात. लिफ्टवरची गाडी खाली आणून इंजिन चाकांच्या टेबलावर टेकवायचं, बोल्ट काढायचे आणि गाडीच वर उचलायची. इंजिन जागच्या जागी राहतं, गाडी त्याच्यावरून निघून जाते. बघायला हेच जास्त छान.

पण यात एक धोका आहे. साडेअकराशे किलोच्या आसपासच्या या गाडीतून जवळजवळ चौथा हिस्सा वजन एका टोकावरून अचानक निघून जातं, तेही सगळ्यात शेवटच्या टोकावरून. गाडीचा तोल पुढे जातो. दोन खांबांच्या लिफ्टवर हात नीट मांडले नसतील तर नाक खाली झुकतं. म्हणून आधीच पुढे टेकू देतात. सरावलेला मेकॅनिक हे सगळं दोन-तीन तासांत उरकतो. पहिल्यांदा करणाऱ्याने शनिवार-रविवार दोन्ही मोकळे ठेवावेत, आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहून लावावं. मोबाइलमधले फोटो आहेत म्हणून चिठ्ठ्या टाळू नयेत. फोटोत तेलकट काळ्या वायरी सगळ्या सारख्याच दिसतात.

बाहेर आलेलं इंजिन आतमधल्या इंजिनापेक्षा किती लहान वाटतं याचं दरवेळी नवल वाटतं. कारखान्याने यासाठी पी २०१ नावाचा एक खास धारक केला होता. त्यावर इंजिन चढवलं की हवं तसं उलटंसुलटं फिरवता येतं. गिअरबॉक्स वेगळा केला की क्लच समोर. आणि इथूनच खिशाला खरी कात्री लागते. आलोच आहोत तर हे पण करून घेऊ! क्लच आणि त्याच्यामागचं बेअरिंग, मुख्य ऑइल सील, गिअरबॉक्सचं सील, तो त्रिकोण: हे सगळं रास्तच. मग कोणीतरी म्हणतं सिलिंडर उघडून रिंगा बघू. कोणी म्हणतं सायलेन्सरच्या नळ्या काढून रंगवू. त्या नळ्यांचे स्टड हेडमध्ये गंजून इतके घट्ट झालेले असतात की पान्याचा पहिलाच हिसका त्यांना तोडतो, आणि एक दिवसाचं काम महिन्यावर जातं. माझा नियम साधा आहे: रबर असेल ते बदला, चालणाऱ्या धातूला हात लावू नका. त्यातही पेट्रोलच्या जुन्या नळ्या आधी. या गाड्या जळतात तेव्हा पुष्कळदा कारण तीच कडक होऊन चिरलेली नळी असते, पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकत राहतं, आणि इंजिन मागे असल्याने चालवणाऱ्याला धूर उशिरा दिसतो.

परत चढवणं म्हणजे हेच सगळं उलट क्रमाने, असं पुस्तकं म्हणतात. ते अर्धसत्य आहे. उतरवताना गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं. चढवताना प्रत्येक वायर इंजिन आणि बॉडीच्या फटीत सापडायला टपलेली असते. आणि एक रबराची पट्टी असते, इंजिनाभोवतीच्या पत्र्यांच्या कडेला, जिच्याकडे नवखे लक्ष देत नाहीत. ९११ च्या इंजिनखोलीला पत्र्यांचा जणू तळ असतो. वर थंड हवा, खाली सायलेन्सरचा ताप, आणि दोघांमध्ये ही पट्टी. पंखा वरच्या जाळीतून हवा ओढतो आणि सिलिंडरांच्या पाकळ्यांमधून खाली फेकतो. पट्टी दुमडली किंवा राहून गेली तर खालची तापलेली हवा कडेने वर चढते, पंखा तीच पुन्हा ओढतो, आणि गाडी उन्हाळ्यात तापायला लागते. मालक मग तेलाचा कूलर, थर्मोस्टॅट, पंखा असं सगळं बदलून बघतो. म्हणून चांगला कारागीर जॅक शेवटचे दोन इंच वर घेण्याआधी बोटाने पट्टीची कड चहूबाजूंनी चाचपतो, दुमडलेली असेल तिथे पेचकसाच्या बोथट टोकाने ओढून बाहेर काढतो, आणि मगच चार बोल्ट पूर्ण आवळतो.

पहिल्यांदा किल्ली फिरवताना इंजिन लगेच चालू करत नाहीत. इग्निशनचा प्लग काढून, पेट्रोलचा पंप बंद ठेवून, स्टार्टरने थांबून थांबून इंजिन फिरवतात, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत. रिकाम्या नळ्यांतून तेल बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि कोरडं बेअरिंग काही क्षणांत ओरबाडलं जातं. मग ठिणगी जोडायची. इंजिन पेटलं की सायलेन्सरवर सांडलेलं तेल जळून धूर निघतो, तेवढा चालतो. तेलाची पातळी बघायची ती इंजिन पूर्ण तापल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून. थंड इंजिनात टाकीतलं तेल खाली इंजिनात उतरलेलं असतं आणि काठी खोटं सांगते. त्या खोट्यावर विसंबून वरपर्यंत तेल भरलं तर ते हवेच्या नळीतून फिल्टरच्या डब्यात येतं आणि मागे निळ्या धुराचा ढग उठतो. दोन-चार फेऱ्या मारून झाल्या की गाडी पुन्हा वर घ्यायची, सांध्यांवर तेलाचा थेंब आहे का ते कागद लावून बघायचं, आणि ॲक्सलच्या सगळ्या बोल्टांना पुन्हा एकदा पाना लावायचा. नव्याने बसवलेल्या सांध्यांत हे बोल्ट पहिल्या काही दिवसांत थोडे सैल होतात, आणि एकाने साथ सोडली की बाकीचे फार वेळ थांबत नाहीत.